जेल-रूमची धास्ती आणि ‘नुसता’ डीएमएफ

“मॅडम, मी जेल-रूममध्ये जाऊ की नको?” पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या साखळ्या) बनवणाऱ्या लॅबमधल्या एका संशोधक मुलीने दार लोटून घेत विचारलं. तिला गरोदरपणाचा अकरावा आठवडा सुरू होता. धास्ती होती इथिडियम ब्रोमाइडची, जेलमधला डीएनए दिसावा म्हणून तिथे वापरतात त्या रंगाची. ती सगळ्यांनाच असते. मी म्हटलं, ते राहू दे, तुझे हात दिवसभर कशात असतात? “विशेष काही नाही. नुसता डीएमएफ.”

त्या ‘नुसता’वर मी अजून अडकले आहे.

इथिडियम ब्रोमाइडला एच३४१ हा धोक्याचा कोड आहे, म्हणजे जनुकीय दोष घडवत असल्याचा संशय. जपून वापरायचंच. पण डीएमएफला, म्हणजे डायमिथाइलफॉर्मामाइड या द्रावकाला, आहे एच३६०डी: पोटातल्या बाळाला अपाय करू शकतं. हे एसडीएसच्या, म्हणजे रसायनासोबतच्या सुरक्षा-माहितीपत्रकाच्या, दुसऱ्याच विभागात छापलेलं असतं. आणि जेल-रूमचंच म्हणाल तर तिथे याच एच३६० गटातली एक पांढरी भुकटी उघड्यावर तोलली जाते, जेल चालवायच्या टीबीई बफरचं (द्रावणाचं) बोरिक ॲसिड. दहापट तीव्र (१०एक्स) बफरच्या एका लिटरला ५५ ग्रॅम. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

तिच्या बाकापाशी गेले. काम ०.१ मिलिमोलचं, म्हणजे छोट्या प्रमाणावरचं. प्रत्येक अमिनो आम्लाला डीएमएफमधल्या २० टक्के पिपरिडीनने एफमॉक हा संरक्षक गट काढायचा, वॉश, कपलिंग (पुढचं अमिनो आम्ल जोडणं), पुन्हा वॉश. दहा वॉश, दर वेळी १० मिली. वीस अमिनो आम्लांच्या साखळीला नुसत्या धुण्यातच दोन लिटर जातात. हे सगळं फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), सॅश (पुढची सरकती काच) खुणेपर्यंत खाली, हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. ऑडिटला आलेला माणूस इथूनच खूश होऊन परत गेला असता.

पण रेझिनमधून (साखळी ज्यांच्यावर वाढते त्या मण्यांमधून) डीएमएफ ओढून घेणारा व्हॅक्यूम पंप हूडच्या बाहेर, बाकाखाली ठेवलेला. वाफ अडवणाऱ्या मधल्या सापळ्याच्या फ्लास्कला बर्फ नाही. एक्झॉस्टच्या तोंडाशी धुराची नळी धरली, तर धूर बाकाच्या कडेने वर चढून थेट तिच्या स्टुलाच्या उंचीवर पसरला. शेजारी वेस्टचा कॅन, त्याच्या तोंडात नरसाळं तसंच खोचलेलं. कारण काय, तर रोज वीस वेळा झाकण कोण फिरवणार! डीएमएफ १५३ अंशांना उकळतो, म्हणून तो उडत नाही असा सार्वत्रिक समज आहे. २० अंशांना त्याच्यावरच्या संपृक्त हवेत वाफेचं प्रमाण साडेतीन हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत साडेतीन हजार) आसपास असतं. कामाच्या जागी आठ तासांची सरासरी मर्यादा बऱ्याच ठिकाणी १० किंवा ५ पीपीएम. शिवाय ती मर्यादा मुख्यतः यकृताचा विचार करून ठरलेली, आणि त्वचेतून जे आत जातं ते हवेच्या मोजणीत येतच नाही.

त्वचेवरून ग्लोव्ह्ज आठवले. पातळ निळे नायट्राइल, सकाळपासून तेच. ग्लोव्ह्जच्या बोटांची टोकं फुगून सुरकुतली होती. नायट्राइल डीएमएफने फुगतं, आणि हे पातळ ग्लोव्ह्ज काही मिनिटांत तो आत सोडतात; मग ग्लोव्ह हे संरक्षण उरत नाही, त्वचेला चिकटवलेली ओली पट्टी होते. थेंब उडाला की लगेच फेकायचे. ओतण्याच्या कामाला ब्युटाइल रबरच हवं. ते जाड असतं, पिपेट धरवत नाही, म्हणून कपाटात पाकीटबंद पडून होतं.

एका सहकाऱ्याने लगेच तोडगा काढला: एनएमपी हा दुसरा द्रावक वापरा. त्यालाही एच३६०डीच. डायमिथाइलॲसिटामाइडलाही. नावं बदलून तीच चूक करण्यात आमच्या लोकांचा हातखंडा आहे. ब्युटाइल पायरोलिडोन चालतं, पण ते दाट असतं, वॉश सावकाश उतरतात, पद्धत नव्याने बसवावी लागते.

विभागप्रमुख म्हणाले, “तिला सहा महिने वाचनाला बसवा.” तिला कुणी विचारलंच नव्हतं! ती एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) शुद्धीकरण करायला तयार होती. अ‍ॅसिटोनायट्राइल या तिथल्या द्रावकाला एच३६० नाही. साधी खबरदारी घेतली की काम चालतं. संश्लेषण दुसऱ्याने केलं. पंपाचा एक्झॉस्ट नळीने हूडमध्ये नेला, कॅनला आपोआप मिटणारं नरसाळं बसवलं. खर्च किरकोळ, वेळ एक दुपार.

जाताना तिने विचारलं, “आणि आधीचे आठवडे?” अवयवांची घडण साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत उरकते. मेंदू-मणक्याची नळी तर सहाव्याच आठवड्यात मिटते, पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तेव्हा. माझ्याकडे त्या काळातलं एकही मोजमाप नव्हतं. लघवीतलं एन-मिथाइलफॉर्मामाइड, म्हणजे शरीरात डीएमएफपासून बनणारा पदार्थ, एक-दोन दिवसांपूर्वीचंच सांगतं. एसडीएस, कामाचे तास आणि वापराचं प्रमाण एका कागदावर लिहून दिलं, डॉक्टरांना दाखव म्हटलं. “काही होणार नाही” असं म्हणाले नाही, आणि घाबरवलंही नाही. ते बरोबर केलं का, माहीत नाही.

आमच्या फॉर्ममध्ये पहिला रकाना होता ‘गर्भधारणा कळवल्याची तारीख’. त्यानंतरच धोक्याची तपासणी सुरू व्हायची. पाचव्या आठवड्यात प्रमुखांच्या टेबलाशी जाऊन कोण सांगतं? आणि ते सहा महिने वाचनाला बसवणार हे ठाऊक असताना? मी तो रकाना काढला. एच३६०, एच३६१ (तोच धोका, पण संशयित) आणि एच३६२ (अंगावर पिणाऱ्या बाळाला धोका) या कोडच्या रसायनांची यादी आता प्रत्येक बाकाची, रुजू होण्याच्या दिवशीच, पुरुषांनाही. यातल्या काही रसायनांचा धोका प्रजननक्षमतेलाही असतो. प्रमुखांना रकाना परत हवा आहे, “नोंद राहते” म्हणून. फाइल तीन आठवडे त्यांच्याकडे आहे.