पोर्टच येत नाहीये, मॅडम

"मॅडम, लाइट तर लागतोय!"

पॉलिटेक्निकच्या लॅबमधलं हे सगळ्यात फसवं वाक्य. नॅनो म्हणजे मुलांनी प्रोग्रॅम भरून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. त्यावरचा दिवा लागायला नुसते पाच व्होल्ट पुरतात. पीसीशी बोलायला केबलमधल्या हिरव्या-पांढऱ्या तारा लागतात, आणि जुन्या स्पीकरबरोबर आलेल्या चार्जिंगच्या केबलमध्ये त्या नसतातच. म्हणून मी सहा तपासलेल्या केबलींना लाल टेप लावून खणात ठेवल्यात. प्रॅक्टिकल संपलं की मोजून घेते, तरी दर सत्रात एक जातेच.

दिवाळीच्या सुट्टीत लॅबचे बावीसही पीसी पुसून उबुंटू २२.०४ ही लिनक्स सिस्टिम टाकली होती. सोमवारी नवे नॅनो बोर्ड वाटले आणि एकाचंही पोर्ट, म्हणजे पीसीने बोर्डाशी बोलायचं दार, येईना. लाल टेपवाली केबल लावली, तरी नाही. पोर्ट वापरायची परवानगी ज्यांना असते त्या डायलआउट ग्रुपमध्ये मुलांची नावं घालायची राहिली की काय? पण तसं असतं तर पोर्ट दिसलं असतं आणि परवानगी नाकारली असती. इथे पोर्टांची यादीच रिकामी.

तेवढ्यात आमचे एक ज्येष्ठ सर दारातून डोकावले. "चायना माल. परत पाठवा." बोर्ड हातात न घेता निदान करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. पण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. भिंग घेऊन बोर्डाच्या पोटाखालची, यूएसबीचं बोलणं सांभाळणारी सीएच३४०जी चिप बघितली, शेजारचा तिला ठेका देणारा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बघितला, एका बोर्डावर त्याचे सोल्डरचे टाके उगाचच पुन्हा मारले. मग बुधवार पेठेतल्या दुकानदाराला फोन लावून बरंच बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, दुसऱ्या पीसीवर लावून बघितलात का?"

नव्हता लावला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लावला, पोर्ट हजर.

मग जे पहिल्या मिनिटाला करायला हवं होतं ते केलं. लॅबच्या पीसीवर डीमेसेज, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, उघडून बोर्ड खुपसला. बोर्ड ओळखला गेला, टीटीवाय-यूएसबी-शून्य नावाचं पोर्ट जोडलं गेलं, आणि लगेच पुढच्या ओळींत तुटलं. मधल्या ओळीत तोडणाऱ्याचं नाव: बीआरएलटीटीवाय.

हा अंधांसाठी ब्रेल पट्टी चालवणारा प्रोग्रॅम. उबुंटूबरोबर आपोआप येतो. यूएसबीला काही जोडलं की त्याचा ओळख-नंबर बघतो. आमच्या बोर्डांचा नंबर १ए८६:७५२३, पण तो बोर्डाचा नव्हे, त्यावरच्या चिपचा. तोच नंबर वीस खणांच्या (एका खणात एक ब्रेल अक्षर) एका ब्रेल वाचनयंत्राच्या नावानेही या प्रोग्रॅमच्या यादीत आहे. आमचा नॅनो दिसला की त्याला वाटायचं आपलंच यंत्र आलं, आणि तो पोर्ट ओढून घ्यायचा.

एका ओळीची कमांड. बावीस पीसींवर बीआरएलटीटीवाय काढून टाकायला अर्धा तास लागला नाही. चारच्या आत सगळ्यांचे एलईडी लुकलुकायला लागले. "अपडेटमुळे होतं असं," ज्येष्ठ सर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मात्र चुटपुट लागली. आमच्या शाखेत आज अंध विद्यार्थी कोणी नाही. पण उद्या कोणी आला आणि ब्रेल पट्टी जोडून बसला, तर तिच्यातून एक अक्षर उमटणार नाही. आणि का ते त्याला कळणारही नाही, कारण मी कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन दोन पीसींवर तो प्रोग्रॅम परत टाकला. कोणता नंबर दिसला की तो जागा होतो त्या नियमांची फाइल ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमध्ये कॉपी केली (मूळ फाइलीत हात घातला तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं) आणि तिच्यातल्या त्या नंबरच्या ओळीपुढे हॅश लावला, म्हणजे ती ओळ वाचलीच जात नाही. रीस्टार्ट करून बोर्ड लावला. पोर्ट आलं, आणि टिकलं.

उरलेल्या विसांचं एचओडी सरांना विचारलं. "कोण वापरणार आहे? परीक्षा होईपर्यंत चालू पीसींना हात लावू नका."

दुकानदाराला अजून फोन केलेला नाही. टाके मारलेला बोर्ड चालतोय, पण क्रिस्टल जरा तिरका बसलाय.