लाटेकमधील तक्ते आणि देवनागरीच्या मात्रा

सांगलीच्या बाजारातील हळद आणि बेदाण्याच्या दरांची एक पुस्तिका सध्या मी लाटेक या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीत जुळवत आहे. तिच्यात मजकूर थोडा आणि तक्तेच फार. मराठी तक्त्याचे खरे दुखणे स्तंभांत नसून ओळींच्या उंचीत असते, असे माझे मत आहे.

लाटेक तक्त्याच्या प्रत्येक ओळीत तिची उंची राखणारा एक अदृश्य टेकू उभा करते. त्याचा ७० टक्के भाग आधाररेषेच्या (ज्या रेषेवर रोमन अक्षरे उभी राहतात तिच्या) वर आणि ३० टक्के खाली असतो. १० पॉइंटच्या मजकुरात ओळींमधले अंतर १२ पॉइंट असेल, तर वर ८.४ आणि खाली अवघे ३.६ पॉइंट मिळतात. रोमन लिपीचे यात भागते; आपल्याकडे मात्र ‘सर्वोच्च’मधला रफार वरच्या रेषेला आणि ‘हळकुंड’मधला उकार खालच्या रेषेला जाऊन भिडतो. अ‍ॅरे या पॅकेजमधील (लाटेकला जोडायच्या पूरक संचातील) ‘एक्स्ट्रारोहाइट’ हे माप फक्त वरची जागा वाढवते, म्हणून उकाराला तिचा काही उपयोग नाही. टेकूला ताणणारा गुणक ‘अ‍ॅरेस्ट्रेच’ १.२५ केल्यास वर २.१ आणि खाली ०.९ पॉइंटची भर पडते, तीही मला अपुरीच वाटते.

त्यापेक्षा बुकटॅब्ज पॅकेज बरे, कारण ते रेषेच्या दोन्ही अंगांना जागा सोडते. मात्र मूळ मापांत रेषेच्या वरची जागा खालच्यापेक्षा कमी असल्याने ती ठरवणारे ‘अबव्हरूलसेप’ वाढवून घ्यावे. या जागांमुळे उभ्या रेषा तुटक दिसतात, तेव्हा त्या काढूनच टाकलेल्या बऱ्या. (चारही बाजूंनी चौकट असल्याशिवाय आकड्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांना हे पटवणे कठीण जाते.)

स्तंभाच्या दोन्ही बाजूंना ‘टॅबकॉलसेप’ ६ पॉइंट जागा ठेवते, म्हणजे दोन स्तंभांत १२ पॉइंट अंतर पडते आणि ते पुरेसे असते. तक्त्याच्या दोन्ही टोकांची जागा तेवढी रिकाम्या महिरपी कंसासह ‘अ‍ॅट’ चिन्ह देऊन काढावी, म्हणजे तक्ता मजकुराच्या कडेशी जुळतो.

दर उजवीकडे जुळवावेत आणि सगळ्यांना दशांशानंतर दोनच अंक ठेवावेत. फॉन्टमधील अंक सारख्या रुंदीचे नसतील, तर फॉन्टच बदलावा. ‘शेरा’सारख्या अरुंद स्तंभात दोन्ही कडा जुळवण्याचा हट्ट केला, की शब्दांमध्ये भगदाडे पडतात. तिथे उजवी कड मोकळी सोडणारे ‘रॅग्डराइट’ वापरावे, आणि तो स्तंभ शेवटचा असेल, तर पाठोपाठ ‘अ‍ॅरेबॅकस्लॅश’ द्यावे, नाहीतर ओळ संपवण्याची खूण ओळखली जात नाही.