शिंगराच्या पायाला दुसरा खूर

सारंगखेड्याची यात्रा जवळ आली की आमच्या दवाखान्यात घोड्यांची रीघ लागते. त्या गर्दीत शहाद्याकडचे एक काका घोडीसोबत तिचं शिंगरू घेऊन आले. पुढच्या डाव्या पायाला, आतल्या बाजूने, खुराच्या वरच्या सांध्याजवळ आणखी एक खूर लोंबत होता. लहानसाच, पण काळाभोर आणि अगदी घडीव.

काकांचा चेहरा पडलेला. "डॉक्टरसाहेब, गावात म्हणतात, ही खोड आहे, दारात ठेवू नका." अंगावरच्या केसांच्या भोवऱ्याच्या जागेवरून जिथे घोड्याचा भाव पडतो, तिथे जादा खुराचं काय होणार!

एक्स-रे काढला आणि मी बघतच राहिलो. घोड्याच्या नळीच्या हाडामागे दोन बाजूंना दोन बारीक हाडं असतात, निमुळती होत मध्येच संपणारी. इथे आतलं हाड संपलंच नव्हतं. ते जाड होत खाली उतरलं होतं, त्याला बोटाची पेरं होती आणि टोकाला खूर. जादा बोट कधीकधी मधलं बोट दुभंगूनही येतं. हे तसं नव्हतं.

मी काकांना फिल्म दाखवली. घोडा एकाच, मधल्या बोटावर उभा असतो. त्याचा भाऊबंद गेंडा तीन बोटांवर चालतो. शिवालिकच्या टेकड्यांत ज्याची हाडं सापडतात, त्या हिपॅरिऑन घोड्यालाही तीन बोटं होती, बाजूची दोन आखूड. त्याच्याही कितीतरी आधीच्या, कुत्र्याएवढ्या घोड्यांच्या पुढच्या पायांना चार बोटं होती. आणि या साऱ्या गोताचा सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा एक नातेवाईक, कॅम्बेथेरियम, सापडला तो आपल्या शेजारच्या गुजरातेत, सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीत.

"म्हणजे हे पूर्वजांचं बोट?" काकांनी विचारलं.

"बोट याचंच. पण पूर्वजांना होतं त्याच जागी आलंय."

ते ठेवण्यात मात्र अर्थ नव्हता. पळताना दुसऱ्या पायाला घासून जखमा झाल्या असत्या. भूल देऊन बोट काढलं. त्या हाडाचा वरचा भाग तसाच राखला, कारण गुडघ्याचा काही भार त्यावर असतो. टाके चांगले भरले.

पुढे काकांनी दाखला मागितला. मी लेटरहेडवर लिहून दिलं: जन्मतः जादा बोट होतं, शस्त्रक्रियेने काढलं, चालीत दोष नाही. गिऱ्हाइकाला दाखला आणि फिल्म दोन्ही दाखवा, लपवू नका, असंही बजावलं.