तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्राकाठी गिटार टिकते का?

रत्नागिरीत आमच्याकडे आलेला पाहुणा इलेक्ट्रिक गिटार बघितली की हमखास विचारतो, "एवढ्या खाऱ्या हवेत ही टिकते कशी? सेटअपला मुंबईला पाठवता का?" नाही पाठवत. सेटअप, म्हणजे मान, तारांची उंची आणि सूर नीट बसवणं, मी घरीच करते, वर्षातून दोनदा. एकदा आषाढात, एकदा दिवाळीनंतर.

पूर्वी पाठवायचे. एका जानेवारीत दुकानातून सुरेख लावून आणली, तारा बोटाखाली अगदी अलगद दबायच्या. जुलैत पहिल्या तीन-चार फ्रेटवर (तारांखालच्या धातूच्या आडव्या काड्यांवर) जाड तारा झणझणायला लागल्या. त्यांचं काम चोख होतं, पण ते कोरड्या हवेतलं. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. तेव्हा दारं फुगून चौकटीत अडकतात, तिथे गिटारची मान, म्हणजे तो लांब दांडा, कशी सुटेल? माझ्या गिटारच्या मानेला मागून पॉलिशचा थर आहे, पुढची रोझवूडची पट्टी उघडी. ओल पिते ती पट्टी. ती फुगते आणि मान मागे झुकते.

म्हणून दुसरा कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी मी मान बघते. नव्या तारा चढवून सुरात लावायच्या, पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा आणि जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची. आता ती ताणलेली तारच आपली फूटपट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली साधारण पाव मिलिमीटर फट हवी. ती मोजायला मी फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा, वापरते, गॅरेजमध्ये इंजिनचे टॅपेट लावायला असतं तेच. ०.२५ मिलिमीटरची पाती तार न उचलता, जेमतेम घासत गेली पाहिजे. आषाढात ती शिरतच नाही. मग ट्रस रॉडची (मानेच्या आतल्या, तिचा बाक सांभाळणाऱ्या सळईची) चावी घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा. पावच. पुन्हा सुरात लावायची, मोजायची, आणि रात्रभर ठेवून सकाळी परत मोजायची, कारण लाकूड सावकाश बसतं. दिवाळीनंतर फट वाढलेली असते, तेव्हा तारा सैल करून चावी सुलट फिरवायची. चावी अडली तर कृपा करून जोर लावू नका. रॉड तुटला की मान हातची गेली.

मान जमली की पुढचं सोपं आहे. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची मी बारीक तारेला दीड आणि जाड तारेला दोन मिलिमीटर ठेवते. मग तिथेच प्रत्येक तारेचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघायचा. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिजवरचं सॅडल (गिटारच्या अंगावर तार जिथे टेकते तो छोटा तुकडा) मागे, मानेपासून लांब घ्यायचं, उतरला तर पुढे.

आता गंज. पहिल्या तीन बारीक तारा उघड्या पोलादाच्या, त्या आधी काळवंडतात. वाजवून झालं की जुन्या सुती साडीचा तुकडा तारेभोवती दुमडून, वरून आणि खालूनही पुसत न्यायचा. घाम आणि खारी हवा दोन्ही खालच्या बाजूला चिकटून राहतात, तिथे कुणी पुसत नाही. सॅडलचे इवलेसे स्क्रू तर विसरूच नका. माझा एक इतका गंजला होता की चावीने आतली खाच झिजली आणि अख्खं सॅडल बदलावं लागलं. तेव्हापासून तारा काढल्या की काडीच्या टोकाने प्रत्येकाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब देते.

जांभ्याच्या भिंतीवर पावसाळ्यात गिटार टांगू नका, भिंतीला ओल येते. माझी जून ते सप्टेंबर पेटीत असते, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. त्यांचे केशरी मणी आठवडा-दोन आठवड्यांत हिरवट होतात. मग स्वयंपाकातून बाद केलेल्या कढईत मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, ते पुन्हा केशरी होईपर्यंत तापवते आणि गार झाले की परत पेटीत ठेवते.