तिरुअनंतपुरमचं गोल कॉफी हाऊस : नागपुरात असं काही काढणार असाल तर आधी वाचा

धरमपेठच्या आमच्या ग्रुपला सहकारी तत्त्वावर बसायची एक जागा काढायची आहे, चहा-कॉफी, पुस्तकं, मीटिंगा, म्हणून तिरुअनंतपुरमचं इंडियन कॉफी हाऊस बघून आलो. "तासन्‌तास बसा, कोणी उठवत नाही" असं सांगून एकाने पाठवलं होतं. कायचं काय! थंपानूरची ती आर्किटेक्ट लॉरी बेकरची लाल गोल इमारत बस स्टँडला लागून, लोकं गाडीच्या घाईत, खाल्लं की उठले. रिकामा कप धरून गप्पा हाणत बसलो तर समोर जागेसाठी उभ्या माणसाकडे बघून आपल्यालाच कसंतरी होतं. अड्डाच पाहायचा असेल तर कोलकात्याला कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाऊसला जा.

आता ऑटोचं सांगतो. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडा, रस्ता ओलांडा, थोडं चाला, झालं. याच्यासाठी आमच्याकडून 200 रुपये घेतले भाऊ, गावभर फिरवून पुन्हा त्याच चौकात आणून सोडलं आणि वरून बॅगेचे वेगळे मागितले! नागपूरहून थेट गाडी आहे पण दीड दिवस जातो, उतरल्यावर भांडायचा दम राहत नाही आणि हे त्यांना बरोबर कळतं. शहरात कॉफी हाऊसच्या शाखाही बऱ्याच आहेत, नुसतं नाव सांगितलं तर भलतीकडेच पोचाल.

आत सपाट मजलाच नाही, मधल्या गाभ्याभोवती गोल गोल चढत जाणारा रॅम्प आणि कडेने बांधून काढलेली टेबलं-बाकं. गुडघेवाल्यांना खालीच बसवा. मसाला डोशात बीट निघतं, तर्रीवाल्या जिभेला ते गोडच लागणार.

खरं शिकायचं ते वेगळंच. सरकारच्या कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, कामगार रस्त्यावर आले, कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन पाठीशी उभे राहिले आणि कामगारांनी स्वतःच्या सहकारी सोसायट्या काढल्या, 1957 ला बेंगळुरू, 1958 ला त्रिशूर. म्हणजे चालवणाऱ्यांचं पोट त्याच्यावर आहे, म्हणून ते चालतं. आमचा प्लॅन काय, तर सभासद आळीपाळीने सेवा देतील. दिवाळी आली की कोणी फिरकणार नाही, लिहून देतो. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान 10 जण लागतात, ते तर चौकातही भेटतील, पण त्यात स्वयंपाक करणारा आणि कप धुणारा नसेल तर रजिस्ट्रेशनच्या भानगडीत पडूच नका.

आणि फोटोत त्या गोल इमारतीची विटांची जाळीची भिंत बघून तशीच इथे काढायला निघालेल्यांनो, मे महिन्यात 45 डिग्रीत त्या जाळीतून लू आत येईल. आपल्याकडे कूलर लागणारच, आणि कूलरची हवा बाहेर जायला वाट नसली तर सगळे चिकट होऊन बसतात. म्हणून सदरला गाळे बघून राहिले ना, तर कूलरच्या समोरच्या भिंतीला खिडकी किंवा जाळी आहे का ते आधी बघा, नसेल तर भाडं कितीही कमी असो, घेऊ नका.