राजकन्यांच्या पंगतीला मुलगे

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डची सहल ठरली तेव्हा आमच्या घरात सर्वांत जास्त वाद झाला तो एका जेवणावरून. तेथील एपकॉट या उद्यानात नॉर्वे देशाचे एक दालन आहे आणि त्या दालनात ‘आकेर्सहूस रॉयल बँक्वेट हॉल’ नावाचे भोजनगृह आहे. आपण जेवायला बसलो की डिस्नेच्या कथांतील राजकन्या एकेक करून टेबलाशी येतात, मुलांशी बोलतात, त्यांच्या वहीत सही करतात आणि छायाचित्रासाठी थांबतात. मला तेथे जायचे होते. माझ्या दिरांना फोनवर हे कळले तेव्हा त्यांनी सरळ विचारले, “वहिनी, तुम्हाला दोन्ही मुलगे, मग राजकन्यांच्या जेवणावर एवढे पैसे घालून करणार काय?” त्यांच्या प्रश्नात खोच नव्हती. सहलीची तयारी करणाऱ्या बहुतेक आईवडिलांच्या मनात तो येतोच, आणि बरोबर मुलगी नसेल तर हे जेवण यादीतून आपोआप गळते. आम्ही ते गळू दिले नाही. त्या वेळी थोरला सात वर्षांचा होता आणि धाकटा चार वर्षांचा. धाकट्याला ते जेवण संपूर्ण सहलीत सर्वांत जास्त आवडले. थोरल्याला ते निम्मेच आवडले, आणि उरलेले निम्मे हुकले ते माझ्यामुळे, असे मला आज मनापासून वाटते.

हा प्रकार नेमका कसा असतो ते आधी सांगते, कारण ‘राजकन्यांचे जेवण’ म्हटले की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर गुलाबी झालरी आणि मुकुट घातलेल्या मुलींचा वाढदिवस उभा राहतो. प्रत्यक्षात ते चारचौघांसारखे भरपेट जेवण असते आणि त्यातला खरा फायदा रांगेचा असतो. उद्यानात एरवी एखाद्या पात्राला भेटायचे म्हणजे उन्हातान्हात बराच वेळ रांगेत उभे राहायचे, आणि आपली पाळी आली की दोनेक मिनिटांत छायाचित्र काढून बाजूला व्हायचे. चार वर्षांचे मूल त्या रांगेतच रडकुंडीला येते. जेवणाच्या वेळी मात्र मूल आपल्या खुर्चीवर बसून खात असते, थंडावा असतो, आणि पात्रे चालत त्याच्याकडे येतात. ही सोय मुलग्याला हवी असते तितकीच मुलीलाही हवी असते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि ती मला तेथे जाईपर्यंत सुचली नव्हती. डिस्नेची पात्रे दोन प्रकारची असतात. मिकी, गूफी, प्लूटो ही मंडळी संपूर्ण पोशाखाच्या आत असतात. त्यांचे डोके मोठे असते आणि ती बोलत नाहीत, केवळ हातवारे करतात. राजकन्यांचे तसे नसते. त्यांचा चेहरा उघडा असतो आणि त्या बोलतात. ज्याला प्रश्न विचारण्याचा सोस आहे अशा मुलासाठी हा फरक फार मोठा आहे. शिवाय अगदी लहान मुलांना पुष्कळदा त्या मोठ्या डोक्याच्या, न बोलणाऱ्या आकृतीचीच भीती वाटते. आमचा धाकटा आदल्या दिवशी गूफीला पाहून माझ्या पायांमागे दडला होता. मुलगे आहेत म्हणून राजकन्या टाळून मिकीचे जेवण घेणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, की तीन-चार वर्षांच्या भित्र्या मुलाला मिकीपेक्षा राजकन्या पुष्कळ सोपी जाते.

त्या दिवशी आमच्या टेबलाशी एरियल, म्हणजे डिस्नेच्या गोष्टीतली जलपरी राजकन्या, आली ती पायघोळ झग्यात, म्हणजे पायांनी चालत. धाकट्याने तिला नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट टेबलाखाली वाकून तिचे पाय पाहिले आणि विचारले, “तुझी शेपटी कुठे आहे?” ती खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली, त्याच्या कानाशी गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, की आज राजवाड्यात जेवायला यायचे होते म्हणून ती शेपटी घरी ठेवून आली आहे. यावर त्याने जरा विचार केला. मग शार्क चावतात का, पाण्याखाली झोप लागली की माणूस वर तरंगत नाही का, आणि जेवण ओले होते तेव्हा काय करायचे, असे तीन प्रश्न त्याने एकापाठोपाठ एक विचारले, आणि तिने प्रत्येकाचे उत्तर गंभीरपणे, पूर्ण वाक्यांत दिले. त्याच्या एका हातात काटा तसाच धरलेला होता आणि काट्याला टोचलेला मांसाचा गोळा हळूहळू घसरून ताटात पडला, तरी त्याचे तिकडे लक्ष गेले नाही. एक मोठे माणूस आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, घाई न करता, आपल्या जगातल्या नियमांनुसार आपल्याशी बोलते आहे, हा अनुभव त्या वयाच्या मुलाला किती क्वचित येतो, ते मला त्या दोन-तीन मिनिटांत लख्ख दिसले. तेथे मुलगा आणि मुलगी हा प्रश्नच नव्हता. त्याच्यासमोर समुद्राखाली राहिलेली एक व्यक्ती बसली होती आणि त्याला समुद्राची माहिती हवी होती.

थोरल्याचे वेगळे झाले. जाण्यापूर्वी मी त्याला बाजूला घेऊन सांगितले होते, की हे जेवण धाकट्यासाठी आहे, तूही थोडा वेळ सांभाळून घे, नंतर आपण तुझ्या आवडीच्या राइडवर जाऊ. मला वाटले होते की मी त्याची समजूत काढते आहे. प्रत्यक्षात मी त्याला सांगितले, की येथे तुला लाज वाटणे अपेक्षित आहे. सात वर्षांचे मूल ही गोष्ट चटकन पकडते. स्नो व्हाइट, म्हणजे आपल्याकडची हिमगौरी, जवळ आली तेव्हा त्याने मेन्यूकार्ड तोंडासमोर धरले. ती क्षणभर थांबली, त्याला नमस्कार करण्याचा आग्रह तिने धरला नाही, आणि त्या कार्डाकडे पाहत तिने विचारले, की सात बुटक्यांपैकी कोणी येथे जेवायला आले तर त्याने काय मागवावे. त्याने कार्ड खाली न करताच उत्तर दिले. ती निघून गेल्यावर त्याने डोळ्यांपुरते कार्ड खाली केले आणि ती पुढच्या टेबलाशी काय बोलते ते शेवटपर्यंत ऐकत राहिला. त्याला भेटायचे होते. मीच त्याची वाट अवघड करून ठेवली होती.

या वयाचा विचार केल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देताच येत नाही. आपण मुलगा आहोत की मुलगी, हे मुलांना साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत सांगता येते. पण ही गोष्ट कायमची आहे, कपडे किंवा खेळ बदलल्याने ती बदलत नाही, ही समज यायला आणखी काही वर्षे जातात. लॉरेन्स कोहलबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये या टप्प्यांची मांडणी केली होती. मधल्या काळात, म्हणजे पाच ते सातच्या आसपास, बरीच मुले ‘हे मुलींचे, हे मुलांचे’ हा नियम फार कडकपणे पाळतात आणि पुढे तो कडकपणा बराच सैल होतो. म्हणून चार वर्षांचा मुलगा निःशंकपणे राजकन्येशी बोलायला जातो आणि सहा वर्षांचा तोच मुलगा ठाम नकार देतो, यात दोघांपैकी कोणाचेच काही चुकलेले नसते. त्या नकारामागे नावड असेल किंवा केवळ नियम असेल, आणि हे दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. आपले मूल ओळखणाऱ्यालाच त्यांतला फरक कळतो.

हा नियम मुलांनी तरी कोठून आणला? स्नो व्हाइट 1937 मध्ये पडद्यावर आली, सिंड्रेला 1950 मध्ये, एरियल 1989 मध्ये, आणि इतकी वर्षे या सगळ्या आपापल्या गोष्टींतच राहत होत्या. त्यांना एकत्र आणून ‘डिस्ने प्रिन्सेस’ या एकाच नावाखाली खेळणी, कपडे आणि दप्तरे विकण्याची कल्पना अलीकडची आहे. 2000 च्या सुमारास कंपनीच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या विभागाचे प्रमुख असलेल्या अँडी मूनी यांनी ती राबवली. मुली घरी शिवलेले राजकन्यांचे पोशाख घालून बर्फावरील स्केटिंगचा कार्यक्रम पाहायला आलेल्या त्यांना दिसल्या आणि त्यावरून त्यांना ती सुचली, असे सांगितले जाते. म्हणजे राजकन्या ही केवळ मुलींची वस्तू आहे, ही समजूत गोष्टींपेक्षा दुकानाच्या फळ्यांवर जास्त पक्की झाली आहे. गोष्टींमध्ये राक्षसी, जादूगार, ड्रॅगन, जहाजे आणि वादळे आहेत. मेरिडा धनुष्यबाण चालवते, मुलान युद्धावर जाते, रपन्झेल तव्याने चोराला आडवा करते. यांतले एखादे पात्र आपल्या मुलाला आधीच आवडत असेल तर बाकीचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. मात्र त्या दिवशी त्या भोजनगृहात कोण येणार आहे ते आधी पाहावे, कारण सगळ्या राजकन्या सगळीकडे येत नाहीत.

पैशांचा विचार मात्र खरा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. डिस्ने वर्ल्डच्या भोजनगृहांत तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना कमी दर लागतो आणि दहाव्या वर्षापासून प्रौढांचा. मॅजिक किंग्डम उद्यानातील सिंड्रेलाच्या किल्ल्यात जे जेवण असते, त्याला मोठ्या माणसामागे 60 डॉलरच्या वर मोजावे लागतात, आणि चौघांच्या कुटुंबासाठी तो आकडा कोठे जातो ते सांगायला नको. नको म्हणणाऱ्या दहा वर्षांच्या मुलासाठी पूर्ण दर भरून त्याला तेथे तासभर बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा एका पालकाने त्याला राइडवर न्यावे आणि दुसऱ्याने धाकट्याबरोबर जेवावे. आरक्षण 60 दिवस आधी खुले होते आणि लोकप्रिय जागा लवकर भरतात, त्यामुळे विचारायचे ते दोन महिने आधी विचारावे लागते. लहान मुलाचे मन तेवढ्या काळात बदलते, म्हणून रद्द करण्याची मुदत कधीपर्यंत आहे तेही त्याच वेळी पाहून ठेवावे.

विचारताना आपला सूर कसा असतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. “तुला राजकन्यांबरोबर जेवायला आवडेल का?” या प्रश्नात मोठ्या माणसाची भुवई वर गेली की मुलाचे उत्तर ठरून जाते. मी पुढच्या वेळी तसे केले नाही. त्याच सहलीत आमचे आणखी एक आरक्षण होते, वाइल्डरनेस लॉज या हॉटेलातील ‘आर्टिस्ट पॉइंट’ येथे, जेथे रात्रीच्या जेवणाला स्नो व्हाइट असते, तिच्याबरोबर डोपी आणि ग्रम्पी हे दोन बुटके असतात, आणि दुष्ट राणीही असते. मी थोरल्याला एवढेच सांगितले, की जंगलासारखी सजवलेली जागा आहे आणि तेथे ती आरशाला प्रश्न विचारणारी राणी येते. त्याने लगेच विचारले, “खरीखुरी?” स्नो व्हाइटचे नाव त्याला ठाऊक होते, त्याबद्दल मी काहीही बोलले नाही, क्षमा मागितल्यासारखे तर मुळीच नाही.

ती राणी टेबलांवर फिरत नाही. तिच्या जागी आपण जायचे असते. जेवण होईपर्यंत थोरला खुर्चीवर अर्धा वळून तिच्याकडे पाहत होता, आणि विषारी सफरचंदाच्या रूपातले मिष्टान्न आले तेव्हा ते आधी भावाने खावे असे त्याने सुचवले. स्नो व्हाइट आमच्याकडे आली. या वेळी त्याच्यासमोर मेन्यूकार्ड नव्हते. त्याने तिला अगदी दबक्या आवाजात सांगितले, “ती तिकडे उभी आहे, तुला माहीत आहे ना?” तिने खांद्यावरून मागे पाहिले, त्याचे आभार मानले आणि त्याच्या वहीत सही केली. त्या वहीत तोपर्यंत एकाही राजकन्येची सही नव्हती. मग तो राणीसमोर जाऊन उभा राहिला. ती त्याच्याकडे वरून खाली पाहत राहिली, हसली नाही, आणि तोही हसला नाही. दोन्ही हात बाजूला ताठ ठेवून तो तेथे उभा आहे, असे ते छायाचित्र आमच्याकडे आहे.

दिरांनी परतल्यावर विचारले तेव्हा मी त्यांना दोन्ही जेवणांची छायाचित्रे पाठवली. पुढच्या सहलीची बोलणी आता चालू आहेत. धाकट्याला सिंड्रेलाच्या किल्ल्यात जेवायचे आहे, आणि तो तेव्हा साडेपाच वर्षांचा असेल, त्यामुळे त्याचा विचार बदलला तर मी वाद घालणार नाही. थोरल्याने चौकशी केली, की किल्ल्यात राणी असते का. नसते असे सांगितल्यावर तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, की मग तो बाबांबरोबर राइडवर जाईल, पण आर्टिस्ट पॉइंटचे आरक्षण मात्र चौघांचे करायचे.