तुम्ही विचारलंत म्हणून: पक्ष सोडायचाय, पण नीट कसा सोडायचा?

"नेतृत्वावरचा विश्वास उडालाय. ज्या विचारासाठी सतरंज्या उचलल्या, तो विचार आता पक्षात उरलेला नाही. दुसऱ्या कुठल्या पक्षात जायचं नाहीये, फक्त बाहेर पडायचंय. त्यासाठी नेमकं काय करावं लागतं?" वॉर्डात, तालुक्यात वर्षानुवर्षं काम केलेली माणसं हा प्रश्न वारंवार विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पक्षात शिरताना एक पावती फाडली की काम होतं. बाहेर पडताना मात्र दहा ठिकाणी लागलेलं आपलं नाव एकेक करून उतरवावं लागतं आणि पक्षामुळे जे जे मिळालं ते परत करावं लागतं. हे झालं नाही तर माणूस मनाने बाहेर पडतो आणि कागदावर आतच राहतो. पुढची सगळी दुखणी तिथूनच सुरू होतात.

राजीनाम्याच्या आधीची एक पायरी बहुतेक जण गाळतात. आपला आक्षेप पक्षात लेखी मांडलेला असावा. चहाच्या टपरीवर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्यक्त केलेली नाराजी यात धरायची नाही. जिल्हाध्यक्षांना एक पानाचं पत्र द्या: अमुक तारखेचा अमुक निर्णय पक्षाच्या घटनेतल्या अमुक कलमाशी विसंगत आहे, याचा खुलासा व्हावा. पक्षांच्या घटना निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात, त्या वाचा. स्वतःच्या पक्षाची घटना वाचलेला कार्यकर्ता विरळाच. उत्तरासाठी तीन-चार आठवडे थांबा. उत्तर बहुधा येत नाही, पण उद्या "तिकीट कापलं म्हणून गेला" असं कुणी म्हणालं, तर तारखेसह तो कागद तुमच्याजवळ असतो. तिकीटवाटपाच्या आधीची तारीख असलेलं पत्र आणि नंतरचं पत्र यांत लोक बरोबर फरक करतात.

आयोगाकडे तक्रार करून काही होईल का, असंही विचारलं जातं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29 अ नुसार नोंदणी करताना पक्षाला राज्यघटनेशी आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा लिहून द्यावी लागते. पण ते वचन मोडलं म्हणून पक्षाची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितलं. नोंदणीच फसवणुकीने मिळवली असेल, असे थोडे अपवाद त्यात आहेत. म्हणजे मूल्यांवरून झालेल्या भांडणाला बाहेर दाद मागायची सोय जवळजवळ नाही. आत लढा, नाहीतर बाहेर पडा.

आता राजीनामा. तो चार ओळींचा असावा आणि त्यात हे शब्द हवेतच: "मी पक्षाच्या प्राथमिक सदस्यत्वाचा आणि माझ्याकडील सर्व पदांचा राजीनामा आजपासून देत आहे." पुष्कळ जण फक्त "तालुका उपाध्यक्षपदाचा राजीनामा" लिहितात. पद जातं, सदस्यत्व राहतं, आणि महिन्याभराने पक्षविरोधी कारवायांसाठी सहा वर्षं हकालपट्टी केल्याची बातमी छापून येते. आपण होऊन सोडलेल्या माणसाला काढून टाकलेला म्हणून मिरवावं लागतं. दुसरी चूक "राजीनामा स्वीकारावा ही नम्र विनंती" या ओळीची. विनंती केली की समोरच्याला ती लोंबकळत ठेवायची मुभा मिळते. सदस्यत्व ऐच्छिक असतं, घटनेत वेगळी तरतूद नसेल तर पत्र पोचणं पुरेसं आहे. म्हणून "देत आहे" एवढंच लिहा.

पत्र नेमणूक करणाऱ्याच्या नावे आणि एक प्रत प्रदेश कार्यालयाला द्यावी. दोन प्रती काढा, एकीवर पोच म्हणून सही, शिक्का आणि तारीख घ्या. कार्यालयात पोच देत नाहीत असा अनुभव येतो, तेव्हा टपालाने पाठवा. 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे स्पीड पोस्ट करताना नोंदणी आणि पोचपावती वेगळी मागून घ्यावी लागते. स्टँप पेपर, नोटरी, प्रतिज्ञापत्र यांची गरज नाही. नुसता व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो मात्र पुरत नाही. तो कुणी, कधी, कुणाला पाठवला यावर नंतर वाद होतो. मिस्ड कॉल किंवा अॅपवरून सदस्य झाला असाल, तर ज्या मोबाइल नंबरवरून नोंदणी झाली तो नंबर पत्रात लिहा. यादीत त्याच नंबरावर तुमचं नाव असतं.

कारण लिहायचं का? लिहायचं, पण एकच आणि तपासता येईल असं. चिंतामणराव देशमुखांनी 1956 मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं ते मुंबईच्या प्रश्नावर, आणि आज इतक्या वर्षांनीही ते कारण एका वाक्यात सांगता येतं. तुमचं कारण एका वाक्यात बसत नसेल तर अजून थोडं थांबा. कदाचित राग आणि मतभेद एकमेकांत मिसळलेले असतील. नेत्याच्या पैशांबद्दल, घराबद्दल, चारित्र्याबद्दल हाती पुरावा नसताना एक शब्दही नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली अब्रुनुकसानीची फिर्याद होते आणि मग तुमचा मूळ मुद्दा बाजूलाच राहतो.

हिशेबाकडे दुर्लक्ष करू नका. तुमच्या सहीने घेतलेली पावती पुस्तकं आणि सभासद नोंदणीची पुस्तकं स्थळप्रतींसह मोजून परत करा आणि कोरी पानं किती हे परतीच्या कागदावर लिहून घ्या. एखादं अर्धवट पुस्तक मागे राहिलं की त्यावर कुणी वर्गणी गोळा केली तरी बोट तुमच्याकडे दाखवलं जातं. मंडळाचं किंवा कार्यक्रमाचं बँक खातं तुमच्या सहीने चालत असेल, तर सही बदलल्याचं बँकेचं पत्र मिळेपर्यंत विषय संपला असं समजू नका. जनसंपर्क कार्यालयाचा भाडेकरार आणि विजेचं बिल बहुतेकदा कार्यकर्त्याच्याच नावावर असतं. अकरा महिन्यांचा करार संपायची वाट न पाहता मालकाला लेखी नोटीस द्या आणि दारावरची पाटी स्वतः उतरवा. मतदार यादीत नावासमोर फोन नंबर, जात, "आपला-परका" अशा खुणा केलेली वही सोबत नेऊ नका, तिच्या प्रतीही ठेवू नका. ती माणसं तुमच्या ओळखीची असली तरी ती माहिती त्यांनी तुम्हाला पक्षाचा माणूस म्हणून दिली होती. मतदान केंद्रासाठी पक्षाने बीएलए, म्हणजे मतदार यादीच्या कामासाठीचा पक्षाचा प्रतिनिधी, म्हणून तुमचं नाव दिलं असेल, तर मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना एक ओळीचं पत्र देऊन कळवा.

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते आंदोलनांतल्या गुन्ह्यांमुळे. रास्ता रोको, मोर्चा, जमावबंदीचा भंग, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37 आणि 135. असे दोन-चार खटले बहुतेक जुन्या कार्यकर्त्यांवर असतात, आणि वकील पक्षाने दिलेला असतो. पक्ष सुटला की तो वकील तारखेला तुमच्यासाठी उभा राहीलच असं नाही. कुणी कळवत नाही, दोन तारखा चुकतात आणि वॉरंट निघतं. ज्याने हे पाहिलंय तो राजीनाम्याच्या आधीच कागद गोळा करतो. प्रत्येक खटल्याचा क्रमांक आणि पुढची तारीख ई-कोर्ट्स अॅपवर पाहून घ्या, जुन्या वकिलाकडून ना-हरकत घेऊन नव्याचं वकीलपत्र दाखल करा, जामीनदार कोण होता ते तपासा. जामीनदार पक्षातला असेल तर तो जामीन काढून घेऊ शकतो, तेव्हा दुसरा तयार ठेवा. शासन अधूनमधून राजकीय आंदोलनांतले खटले मागे घेण्याचा निर्णय घेतं. तो पक्ष पाहून नव्हे तर निकष पाहून लागू व्हायला हवा, म्हणून अर्ज स्वतः करा, कुणाच्या यादीत नाव येण्याची वाट पाहू नका.

इथपर्यंतचं सगळं साध्या सदस्यासाठी. तुम्ही पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले असाल, तर गोष्ट वेगळी आहे आणि तिथे माझं मत ठाम आहे.

आधी कायदा. आमदार-खासदारांना राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा, लागू होते, ती 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने आली. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सदस्यांना महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986 लागू होतो. महापालिका असेल तर प्रकरण विभागीय आयुक्तांपुढे चालतं, बाकी ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांपुढे. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढली जात नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. सोसायटी, बाजार समिती, साखर कारखाना इथे पॅनेल असतात, त्यांनाही हा कायदा लागत नाही.

अपात्रता दोन कारणांनी येते: सदस्यत्व स्वेच्छेने सोडणं, आणि व्हिप, म्हणजे सभागृहात कसं मतदान करायचं याचा पक्षाचा आदेश, मोडून मतदान करणं किंवा गैरहजर राहणं. व्हिप मोडल्यावर पक्षाने 15 दिवसांत ते माफ केलं तर अपात्रता टळते. पहिल्या कारणात पुष्कळ जण फसतात. "मी राजीनामा दिलेलाच नाही, मग सदस्यत्व सोडलं कसं?" असा युक्तिवाद केला जातो. गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये स्पष्ट केलं की औपचारिक राजीनामा नसला तरी वागण्यावरून सदस्यत्व सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो. दुसऱ्या पक्षाच्या व्यासपीठावर बसणं, त्यांच्या गटासोबत पत्र देणं, हे सगळं पुरावा म्हणून येऊ शकतं. उलट बाजूही लक्षात ठेवा. पक्षाने हाकललं तरी सभागृहापुरते तुम्ही त्याच पक्षाचे मानले जाता, असं 1996 च्या विश्वनाथन प्रकरणात ठरलं. म्हणजे हकालपट्टी ओढवून घेऊन मोकळं व्हायची वाट बंद आहे.

या कायद्यात एक अन्याय आहे आणि तो मला सलतो. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने एक तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर जागा टिकण्याची सवलत काढली, पण दोन तृतीयांश जण दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर मिळणारी सवलत ठेवली. एकटा माणूस मूल्यांसाठी बाहेर पडला तर त्याची जागा जाते, झुंडीने गेलेल्यांची टिकते. गोव्यात जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले आणि त्यांची आमदारकी राहिली. सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8 गेले, तेही निवडणुकीआधी मंदिर, चर्च आणि दर्ग्यात एकनिष्ठतेची शपथ घेऊन. हा कायदा संख्या मोजतो, कारण विचारत नाही.

तरीही एकट्या माणसाने जागा सोडावी असंच मी म्हणेन. मार्च 1948 मध्ये नाशिकच्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडायचं ठरवलं. आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे सहकारी तेव्हा संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशच्या विधानसभेत काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले होते. पक्षांतरबंदी कायदा यायला अजून 37 वर्षं होती, जागा सोडा असं सांगणारा कुठलाही नियम नव्हता. त्यांनी जागा सोडल्या आणि पोटनिवडणुकीला उभे राहिले. फैजाबादेत नरेंद्र देव काँग्रेसच्या बाबा राघवदासांकडून हरले (हे राघवदास मूळचे पुण्याचे). आपल्याला मिळालेली मतं कुणाच्या नावावर मिळाली होती याचा हिशेब त्यांनी मतदारांना परत विचारला. मला पक्ष सोडण्याची याहून स्वच्छ रीत ठाऊक नाही.

जागेचा राजीनामा द्यायचा तर तो पक्षाध्यक्षाकडे देऊन उपयोग नाही. कोऱ्या कागदावर आधीच सही करून नेत्याच्या कपाटात ठेवलेल्या राजीनाम्यांची जुनी वाईट सवय आपल्याकडे आहे, तसं पत्र कुणालाही देऊ नका आणि दिलं असेल तर परत मागा. आमदाराचा राजीनामा स्वतःच्या सहीने विधानसभा अध्यक्षांकडे जातो, आणि 1974 च्या 33 व्या दुरुस्तीनंतर तो स्वेच्छेने आणि खरा आहे याची खात्री त्यांनी करायची असते. नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य असाल तर तुमची संस्था ज्या कायद्याखाली चालते त्यात नेमून दिलेल्या प्राधिकाऱ्याकडेच द्या. नगरसचिव किंवा मुख्याधिकाऱ्यांना विचारलं तर कलम दाखवतात. स्वीकृत सदस्य, म्हणजे निवडणूक न लढवता नेमलेले, असाल तर विचार करायचंही कारण नाही. ती जागा पक्षाच्या संख्याबळावर मिळालेली आहे. संजय गांधी निराधार योजनेची तालुका समिती, महामंडळावरची नेमणूक, विशेष कार्यकारी अधिकाऱ्याचं पद, पक्षाच्या शिफारशीने आलेलं हे सगळं त्याच आठवड्यात सोडा.

पत्र पोचलं की फोन सुरू होतात. आधी मनधरणी, मग पद, मग "तुझ्या भावाचं काम अडकलंय ना?" प्रत्येकाला तेच एक वाक्य सांगा: निर्णय झालाय, कारण पत्रात आहे. सहकाऱ्यांना मात्र बातमी पेपरातून कळू देऊ नका. ज्यांच्यासोबत रात्री पोस्टर चिकटवली त्यांच्या घरी जाऊन सांगा, आणि "तूही चल" असं म्हणू नका. ग्रुपचं अॅडमिनपद दुसऱ्याला देऊन मग बाहेर पडा. आतल्या संभाषणांचे स्क्रीनशॉट कुणाला देऊ नका. त्यात तुमच्यासारखेच अस्वस्थ असलेले, पण अजून आत असलेले लोक सापडतात. दुसऱ्या पक्षाने बोलावलं तर निदान एक निवडणूक जाऊ द्या, तोवर कुणाचंही उपरणं गळ्यात नको.

शेवटी तुमच्या टेबलाच्या खणातली फाइल. रेशनकार्डात नाव चढवायचं, निराधार पेन्शन, घरकुल, शाळेचा दाखला, अशी लोकांची कामं आणि त्यांच्या कागदांच्या झेरॉक्स त्यात असतात. ती पुढच्या तालुकाध्यक्षाच्या हवाली करू नका आणि तशीच पडूनही देऊ नका. प्रत्येकाच्या घरी जा, कागद परत द्या, अर्ज कुठल्या कार्यालयात, कुठल्या क्रमांकाने, कुठल्या टेबलावर आहे ते चिठ्ठीवर लिहून द्या. चार-पाच कामं दोन चकरांत होण्यासारखी असतील, तर ती पक्षाशिवाय, साधा शेजारी म्हणून करून टाका.